लेक आली

नांदखोलच्या खाडीचं तोंड चिंचोळं. दोन अंगांना खडक, मधे गाळाचा उंबरठा. पाणी चढलं की होड्या उंबरठा ओलांडतात. उतरलं की आतल्या आत आणि बाहेरच्या बाहेर. दिवसातून दोनदा दार उघडतं, दोनदा लागतं. त्यामुळे त्या गावात घड्याळाला मान जरा कमीच. भटजींनी मुहूर्त काढावा, कोळ्यांनी हसून मान डोलवावी, आणि वऱ्हाड निघावं ते भरतीला.

त्या गावची लतिका नाखवा आता सेहेचाळीस वर्षांची होती आणि गावापासून एसटीनं तीन तासांवर, नौदलाच्या तळामागच्या एका टेकडीवर बसून जुन्या लढायांचे आराखडे वाचत होती. दारावर पाटी होती : सागरी नियोजन मंडळ, इतिहास कक्ष. कक्षात माणसं दोन. एक ती, दुसरे निवृत्तीनंतर परत बोलावलेले कॅप्टन इनामदार. तिसरं यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव पूर्वपट. बोलताना म्हातारा.

म्हाताऱ्याचं शास्त्र समजायला अवघड नाही. दर्यावरचं युद्ध पेटण्याआधी वीस-वीस वर्षं ते कुठल्या तरी दालनात चाललेलं असतं. फरशीवर खडूच्या रेघा, त्यांवर लाकडी जहाजं, काठीनं ती पुढं ढकलायची. कोळसा किती दिवस पुरेल, कुठल्या सामुद्रधुनीत कोण कोणाला गाठेल, यावर अधिकाऱ्यांनी दिवसभर भांडायचं आणि संध्याकाळी हातावरचा खडू झटकून जेवायला जायचं. जगातल्या आरमारांनी असे आराखडे हजारोंनी केले. म्हाताऱ्याला ते सगळे वाचायला दिले, आणि प्रत्येकाशेजारी प्रत्यक्षात काय घडलं तेही ठेवलं. त्यातून तो जे शिकला त्यानं मोठमोठे अधिकारी गप्प झाले. आराखडे तोफांपायी फसत नव्हते. फसत होते ते कुठल्याशा सणापायी, चुकीच्या वाचलेल्या तारेपायी, ओहोटीच्या हुकलेल्या घटकेपायी. तेव्हापासून म्हाताऱ्याला बारीकसारीक गोष्टींची भूक लागली. तो किनाऱ्यावरचा रेडिओ ऐके, खलाशांच्या रजा बघे, कुठल्या बंदरात कांदा जास्त उतरला ते टिपून ठेवी.

त्या भुकेपायी लतिकाला नोकरी लागली. आईच्या ओव्या, तांडेलांच्या बोली, खडकांची नावं, वाऱ्यांची नावं, असं सगळं तिनं त्याला भरवलं. शिवाय तिनं एक ग्रंथ लिहिला, ‘एकशे चौदा आराखडे’. त्यातले नियम म्हाताऱ्यानं तोंडपाठ केले. चौथा नियम सगळ्यांत गाजला. एखाद्या निरोपाचे दोन अर्थ निघत असतील तर वाईट तो धरावा. कारण एकशे चौदांपैकी ज्यांनी ज्यांनी चांगला अर्थ धरला, त्यांची जहाजं तळाशी होती. हे तिनं एकेक दाखला तपासून लिहिलं होतं, आणि खरं होतं.

दर्यापलीकडच्यांकडेही असंच एक यंत्र होतं. पाच वर्षांपूर्वी एका शब्दाच्या गोंधळात दोन्हीकडच्या गस्ती नौका एकमेकींवर चालून गेल्या, अकरा माणसं गेली, आणि मग शहाणपण सुचून करार झाला. दोन्ही यंत्रांनी एकच शब्दकोश वापरायचा, एकच नियम वापरायचे, म्हणजे कुणी कुणाचं चुकीचं ऐकणार नाही. कोकण किनाऱ्याच्या बोलीचा भाग लतिकानं केला. नियमही तिचेच घेतले. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी तिला शाल मिळाली होती.

आणि आता अठरा दिवस झाले, दोन्हीकडची जहाजं समुद्रात समोरासमोर उभी होती.

"म्हातारा काय म्हणतो आज?" इनामदारांनी डबा उघडता उघडता विचारलं.

"एकसष्ट."

"काल?"

"साठ."

"माझा रक्तदाबसुद्धा याच्याहून चपळ आहे," ते म्हणाले आणि भाजीकडे संशयानं पाहू लागले.

हा आकडा शंकेचा. समोरचा हल्ला करणार अशी शंका किती, हे म्हातारा शंभरात मोजी. सत्तरला आराखडा आपोआप उलगडे. पाणबुड्या सुटत, क्षेपणास्त्रांची झाकणं उघडत. त्यानंतरही माणसानं मनात आणलं तर थांबवता येतं, असं कलम होतं. पण थांबवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर म्हातारा लगेच दुसरा आकडा ठेवी : आपण थांबलो आणि ते थांबले नाहीत तर मरतील किती. तो आकडा पाहून कलम वापरील असा माणूस अजून जन्मायचा होता.

लतिका रोज दुपारी एक तालीम करी. पलीकडच्या यंत्राच्या जागी आपल्याच म्हाताऱ्याला बसवायचं आणि पुढच्या चार दिवसांत त्याला काय काय ऐकू येईल ते ऐकवायचं. त्या दिवशी तालमीत आकडा एकसष्टवर, एकसष्टवर, आणि परवा दुपारी पाऊणच्या सुमाराला एकदम त्र्याहत्तर. तिनं पुन्हा चालवली. त्र्याहत्तर. मग कारण विचारलं. पडद्यावर एकच शब्द आला.

भरती.

शब्दकोशातली नोंद तिच्याच हातची. भरती : एक, समुद्राचं पाणी चढणं. दोन, फौजेत माणसं घेणं, जमवाजमव. परवा म्हणजे श्रावणी पौर्णिमेचा दुसरा दिवस. दोन महिने बंद असलेला दर्या उघडणार. नांदखोलच्या त्र्याऐंशी होड्या एका भरतीला, एका तासात, त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडणार. आणि प्रत्येक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, रेडिओवर ओरडणार : भरती लागली, सगळे निघा. भरती पुरी झाली, कोणी मागं राहू नका. एका तासात चारशे वेळा.

"अहो, उपग्रहातून दिसेल की त्यांना," इनामदार म्हणाले, "खाली मासेमारीच्या होड्या आहेत म्हणून."

"दिसेल. पण सातवा नियम, सर. मासेमारीच्या होड्यांच्या आडून निघालेल्या हल्ल्यांचे नऊ दाखले मीच दिलेत."

"मग शब्दकोशात एक अर्थ खोडा."

"दोन्हीकडच्या सह्या लागतात. एकवीस दिवस."

"होड्या थांबवा."

"मोसमाचा पहिला दिवस आणि एकही होडी बाहेर नाही? बारावा नियम. युद्धाआधी कोळ्यांना घरी बोलावतात."

इनामदारांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. "म्हणजे बोलले तरी मेलो आणि गप्प बसले तरी मेलो."

"हो."

"हे नियम लिहिणाऱ्याला खरं म्हणजे फटकावला पाहिजे."

ती हसली. तेही हसले. मग दोघांनीही डबा तसाच बंद केला. इनामदारांनी वर कळवलं. वरून तासाभरात उत्तर आलं : नोंद घेतली आहे.

"उद्या राखीची सुट्टी," लतिका म्हणाली. "गावी जाऊन येते."

"किती वर्षांनी?"

"सहा. आई गेल्यावर गेलेच नाही."

"भावाला काय सांगणार?"

"राखी बांधणार."

इनामदारांनी डबा पिशवीत टाकला. "मी काही विचारलं नाही," ते म्हणाले, "आणि तुम्ही काही सांगितलं नाही."

* * *

जयवंत धक्क्यावर बसून जाळ्याचं भोक सांधत होता. बहिणीला पाहून तो उठला नाही, दातांत धरलेला दोरा काढून म्हणाला, "आली का बाय? आमाना वाटला, वाट इसरली."

"वाट नाय इसरली. सुट्टी इसरली."

"आय अशी म्हनायची. दर्याची लेक दिसातून दोनदा येते आनि माजी वर्साला एकदा." त्यानं दोरा पुन्हा दातांत धरला. "आता तर सा वर्सांतून एकदा."

घरी पाटावर बसवून तिनं त्याला ओवाळलं. हाताला राखी बांधली. मनगट वडिलांसारखं झालं होतं, दोरीच्या जुन्या खुणांनी भरलेलं. त्याची बायको मंजुळा नारळीभाताची ताटं घेऊन दारात उभी राहिली.

"वोवालनी काय देव तुना?" जयवंत म्हणाला. "पापलेट अजून पान्यान हाय."

"मना एक शब्द दे."

"कसला?"

"उद्या रेडिओवर एक शब्द बोलायचा नाय. तू नाय, कोनीच नाय."

"म्हंजे शब्द दे म्हंतेस का शब्द सोड म्हंतेस?"

"दोनी."

"कुठला शब्द?"

"भरती."

मंजुळा फिसकन हसली. "आनि पानी चढला तर काय म्हनायचा, पावना आला?"

लतिकानं जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं. पलीकडे कोणी तरी ऐकत असतं. त्याला हा शब्द फौजेचा वाटतो. सध्या दिवस वाईट आहेत. जयवंत भात चिवडत ऐकत राहिला. रेडिओवर ऐकणारे असतात हे त्याला ठाऊकच होतं. दर्यावर गुपित नसतं.

"म्हंजे आपला पानी चढला," तो म्हणाला, "तर त्यांना वाटनार फौज चढली."

"हां."

"मग त्यांना सांग ना, बाबांनो, पानी हाय."

"सांगितला तरी दोन अर्थांतला वाईट तोच धरतात. नियम हाय तसा."

"असला नियम कोन येड्यानं केला?"

लतिका त्याच्या मनगटावरच्या गाठीकडे पाहत राहिली. गाठ जरा सैल बसली होती. "हाय कोन तरी," ती म्हणाली आणि गाठ आवळली.

"बरा. गपच बसतो मग."

"गप नाय बसायचा. रोजच्यासारखे बोला, शिव्या द्या, गाणी म्हना. फक्त तो शब्द नको."

"पन पयल्या होडीला बोलावाच लागतो, बाय. उंबऱ्यावर किती पानी हाय ते मीच बघतो. मागं ब्यांशी होड्या हायत. मी नाय बोललो तर कोन निघल?" त्यानं बोटं चाटली, वर छताकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. "आयचा शब्द वापरू."

लतिकाला विचारावं लागलं नाही. आई, हिराबाय, ओटीवर जाळं विणत बसायची, हातात सुई, मांडीवर दोरा, आणि तोंडानं ओवी.

लेक माहेरा गो आली, पानी पायांत घेऊन
खाडीबाय दारी उभी, दिवा चांदाचा लावून

चढतं पाणी म्हणजे खाडीची माहेरी आलेली लेक. सहा तास राहते, सगळ्यांच्या पायांना लागते, पोरांना खेळवते, आणि सासरी निघते. आई कधी भरती म्हणालीच नाही. म्हणायची, लतिके, लेक आली का बघ गो. मग लतिकानं अनवाणी पळत खाडीच्या पायऱ्यांपर्यंत जायचं, तिसऱ्या पायरीवर पाणी लागलं की तिथूनच ओरडायचं : आली, आली, लेक आली.

तिच्या ग्रंथात सहावं प्रकरण होतं. त्याचं नाव ‘घरगुती वाक्यं’. ते तिनं तीन वर्षं खपून लिहिलं होतं, त्याचे उतारे ती झोपेतसुद्धा म्हणू शकली असती. त्या क्षणी तिला त्यातली एक ओळ आठवली नाही. आठवली ती ओटीवरची आई.

"वापर," ती म्हणाली.

दुपारी जयवंतानं धक्क्यावर सगळ्या तांडेलांना गोळा केलं. हसाहशी झाली. "तुजी भैन आली म्हनून दर्यालाबी लेक म्हनायचा का रं?" कोणी म्हणालं. "लेक म्हनला तर जावयाचा मान कोनी करायचा?" पण हिराबायचा शब्द होता, आणि त्या गावातल्या निम्म्या तांडेलांची पहिली जाळी हिराबायनं विणली होती. सगळ्यांनी माना डोलवल्या.

चारच्या एसटीला जयवंत पोचवायला आला.

"ओहोटीची ओवी काय होती रं?" लतिकानं खिडकीतून विचारलं. "लेक सासरी निघते ती. मना पयलीच येते. म्हाताऱ्याकडं... आमच्याकडं पयलीच लिवून ठेवली हाय."

"मना येते."

"म्हन ना."

"कोन निघताना ती म्हनत नायत, बाय. येडी का काय तू? पुढल्या येलला."

* * *

दुसऱ्या दिवशी साडेअकरापासून दोघं पडद्यासमोर बसून होते. पडद्यावर पलीकडच्या यंत्राची तालीम लावलेली, तिचा आकडा बासष्ट. बाहेर लख्ख ऊन, खाली तळावर जहाजांच्या शिड्या रंगवणारे खलाशी मुंगीएवढे दिसत होते. कक्षातल्या कर्ण्यातून नांदखोलचा रेडिओ येत होता : इंजिनांची भडभड, कुणाचं खोकणं, कुणी तरी चहाची किटली मागतंय.

बाराला पाच कमी असताना जयवंतचा आवाज आला. होडीला त्यानं आईचं नाव दिलं होतं.

"हिराई तोंडावर. बघतो थांब." मग नुसतंच पाणी. मग : "लेक आली रं. आली, आली, लेक आली. या मागनं."

"आली का? बरी हाय का?" दुसऱ्या होडीवरून.

"बरी हाय. अंगानं भरलीय."

"जावई कनां हाय?"

"तो चांदाच्या घरी झोपलाय."

हसण्यानं कर्णा थरथरला. एकेक होडी उंबरठा ओलांडत होती, आणि एकेक तांडेल मागच्याला तोच निरोप देत होता. लेक आली. लेक आली. आकडा एकसष्ट झाला. साठ. अठ्ठावन्न. अठरा दिवसांत अठ्ठावन्न कधी दिसला नव्हता. इनामदारांनी शिपायाला चहा आणायला सांगितला, तोही आल्याचा.

"फार हसताहेत हो सगळे," ते म्हणाले. "म्हणतायत काय?"

"पाणी चढलं, म्हणतायत."

"चांगलं आहे. आनंदात आहेत."

लतिकाला वाटलं, आपण संध्याकाळी पुन्हा एसटीत बसावं. आजच बसावं. रजा मागून घ्यावी, चार दिवस, आठ दिवस. तिसऱ्या पायरीवर पाय सोडून बसावं.

चहा आला तेव्हा आकडा चौसष्ट होता. तिनं कप हातात घेतला तेव्हा एकाहत्तर.

पडदा म्हाताऱ्याच्या कोरड्या अक्षरांनी भरू लागला. पलीकडचं यंत्र आत्ता काय वाचत असेल, त्याचा हा हिशेब होता.

‘भरती’ : मागच्या अकरा मोसमांत पहिल्या दिवशी सरासरी चारशे वेळा. आज शून्य. नेहमीचा शब्द एका रात्रीत, सर्व होड्यांवरून एकदम नाहीसा.

‘लेक आली’ : मागच्या अकरा मोसमांत शून्य. आज त्र्याऐंशी होड्या, सत्तेचाळीस मिनिटं.

अर्थ सामाईक शब्दकोशात नाही; ओव्या त्यात घेतलेल्या नाहीत. पाहा : एकशे चौदा आराखडे, प्रकरण सहावं.

सहावं प्रकरण तिला आता आठवलं, शब्दन् शब्द. हल्ल्याची खूण क्वचितच हल्ल्यासारखी दिसते. ती बहुधा घरातली असते. मावशीला बरं आहे. बाळ झालं. पाहुणे पोचले. असं वाक्य आदल्या दिवशी कुठंच नसतं आणि त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी असतं.

"लतिकाबाई," इनामदार हळू म्हणाले, "ही लेक कोण?"

तिनं सांगितलं. आईचं, ओवीचं, पायरीचं. तिला वाटलं होतं ते रागावतील. ते तसेच उठले, लाल टेलिफोनपाशी गेले आणि पलीकडच्या माणसाशी बोलू लागले. फोन थेट होता, करारानंतर इथं बसवलेला, माणसाशी माणसाचा. ते सांगत होते की ती लेक म्हणजे समुद्राचं पाणी आहे, हे एका बाईचं गाणं आहे, त्या बाई वारल्या. हे सांगताना त्या सत्तरीच्या माणसाचा आवाज शाळकरी पोरासारखा कापत होता. मग त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"ते म्हणतात, आमचा तुमच्यावर विश्वास आहे."

"मग?"

"त्यांचं यंत्र म्हणतंय की खुलासा पाच मिनिटांत आला, म्हणजे तो आधीपासून तयार होता." त्यांनी चष्मा काढला. "विसावा नियम. तोही तुमचाच का?"

"हो."

"चांगला शब्द होता पण," इनामदार म्हणाले. "लेक."

एक वाजून दहा मिनिटांनी पलीकडच्या बंदरातल्या तीन पाणबुड्या धक्क्यावरून नाहीशा झाल्या. त्या नाहीशा झाल्याचं दिसलं म्हणून आपला म्हातारा सत्तर ओलांडून गेला. तो गेला हे पलीकडच्यानं पाहिलं. मग दोन्ही यंत्रं एकमेकांकडे बघत पायऱ्या चढू लागली, एक ह्यानं, एक त्यानं, आणि वरच्या मजल्यांवरून माणसांचे फोन वाजत राहिले. थांबवण्याचं कलम कुणी तरी काढलं. त्यापुढचा आकडा पाहिला. कलम परत मिटलं.

दोन वाजता म्हाताऱ्यानं वेळ दाखवली. पहिल्या माऱ्याला आठ तास.

त्याच सुमाराला होड्यांना हुकूम गेला : ताबडतोब परत फिरा. आता त्या गप्प बसल्या काय, बोलल्या काय, कुणालाच फरक पडत नव्हता. लतिकानं भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे पाहिलं. पाहायची गरज नव्हती. पाणी पाऊण वाजता पुरं चढून उतरायला लागलं होतं. नांदखोलचं दार आत्ता लागत असेल. ते उघडणार मध्यरात्र उलटल्यावर. दोन्ही बाजूंना तीन कोस नुसता खडक. त्र्याऐंशी होड्यांना आसरा देईल असं खोल बंदर जवळपास एकच, हा टेकडीखालचा तळ, आणि पलीकडच्या आराखड्यात पहिली खूण त्यावरच होती.

कर्णा खरखरला.

"लतिके. आयकतेस का?"

तिनं इनामदारांकडे पाहिलं. त्यांनी माइक तिच्याकडे सरकवला आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

"बोल रं."

"परत फिरा म्हंतात. फिरलो. पन दार लागला. उंबऱ्यावर आता बगला एका पायावर उभा हाय." त्याचा आवाज सावकाश होता, जाळं सांधताना असायचा तसा. "पुढली लेक कवा?"

"एक वाजून पाच मिन्टांनी. रातची."

"तवर भायेरच."

"हां."

"शब्द तर नाय बोललो आमी. एकानंबी नाय."

"ठाव हाय. सगळा आयकला मी."

"मग?"

तिनं तोंड उघडलं. ‘आठ तास’ हे दोन शब्द तिच्या जिभेवर होते. सांगितलं तर तो काय करणार होता? बाकीच्या ब्याऐंशींना सांगणार होता. आठ तास त्यांनी एकमेकांच्या तोंडांकडे बघत काढायचे. नाही सांगितलं तर जाळी टाकतील, भाकऱ्या खातील, जावयाच्या नावानं हसतील. पंचवीस वर्षं तिनं हेच शिकवलं होतं की कळलेलं लपवणारा बुडतो.

"जाली टाका," ती म्हणाली. "रिकामे कशाला बसता? जाली टाका."

कर्ण्यात पाणी वाजत राहिलं. होडीच्या अंगाला लागणारं, परत जाणारं पाणी.

"तुजा आवाज आय गेली तवा असा आला होता," जयवंत म्हणाला.

तिनं उत्तर द्यायला माइकचं बटण दाबलं. ते तसंच दाबून धरलेलं राहिलं, सोडलं तेव्हा कुठे त्याचं पुढचं ऐकू आलं.

"...दुसरी ओवी पायजे होती ना तुना? लिवून घे."

"आता नको. पुढल्या येलला म्हनालास ना."

"लिवून घे, बाय."

त्याचा आवाज काही गाण्याचा नव्हता. आईची चाल त्याला वरच्या सुरात झेपेना, म्हणून त्यानं ती खाली उतरवून घेतली. पहिल्या ओळीनंतर दुसऱ्या होडीवरून कोणी तरी साथ दिली, मग तिसऱ्या. ती ओवी कोणी निघताना म्हणायची नसते हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिनं एकामागून एक बंद पडत गेली.

लेक सासरा निघाली, मागं बघंना फिरून
खाडीबाय उभी राहे, वालू उराशी धरून

लतिकानं वही ओढली आणि तशीच मिटून ठेवली. लिहिण्याची गरज नव्हती. म्हातारा ऐकत होता. दर्यावरून येणारा एकही शब्द तो सोडत नसे, आणि पलीकडचाही आत्ता हेच ऐकत असणार. आईची ओवी पडद्यावर एकेक शब्दानं उमटत गेली, आणि प्रत्येक शब्दासमोर, तिनंच कधी तरी नेमून दिलेल्या रकान्यात, त्याची नोंद.

लेक : अर्थ दोन. वाईट तो धरला.

सासर : अर्थ दोन. वाईट तो धरला.

खाडीबाय : अर्थ अज्ञात. वाईट तो धरला.